टाचेमागचं रक्त

बसमधून उतरताना आस्गरने पाय खाली टाकला आणि मागून कुणीतरी सणसणीत लाथ घातल्यासारखं झालं. तो वळला तो हात उगारूनच. लाथ कुणी मारली नव्हती. एका सायकलचं पुढचं चाक त्याच्या उजव्या टाचेवर, बुटाच्या किंचित वर, येऊन थडकलं होतं, आणि सायकलवरची पन्नाशीची बाई त्याच्याकडे अशी बघत होती की जणू त्यानेच तिच्या चाकाला टाच मारली.

"अहो, बघून उतरा की! डोळे घरी विसरलात का?"

"तुम्ही थांबायचं असतं. बस उभी आहे. नियम आहे तसा."

"नियम मला नका शिकवू. रोज या रस्त्याने येते मी, वारा असो, पाऊस असो. आजवर कुणाला ओरखडा आला नाही."

"मग तब्येत ठणठणीत असेल," आस्गर टाच चोळत कुजकटपणे म्हणाला. "एवढा रोजचा व्यायाम."

"हा कसला आलाय व्यायाम?" बाई खरोखरच चकित झाली. "कामाला चाललेय मी. व्यायाम बुधवारी. पोहायला जाते." आणि घंटी वाजवून ती निघूनही गेली.

आस्गर तिथेच, सायकलींच्या पट्ट्यात, एका पायावर उभा राहिला. दोघातिघांनी घंट्या वाजवल्या, एकाने शिवी दिली, तेव्हा तो फुटपाथवर चढला. टाच ठणकत होती, पण त्याचं लक्ष टाचेकडे नव्हतं. बाईचं वाक्य त्याच्या डोक्यात घुसलं होतं आणि बाहेर पडायला तयार नव्हतं. हा कसला आलाय व्यायाम. कोपनहेगनमध्ये कुणालाही विचारा, सकाळी सायकल हाणत शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आलेल्या माणसाला विचारा, आज काही व्यायाम केलास का? तो अगदी प्रामाणिकपणे म्हणेल, नाही बुवा. इथे सायकलवर बसणं म्हणजे खुर्चीत बसण्यासारखंच. आणि विबेके, त्याची बायको, कागदावर अजून बायको, आज अकरा वाजता विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात आपल्या प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला उभी राहून सांगणार होती की माणूस स्वस्थ पडलेला असताना टाचेमागच्या त्या जाड दोरीभोवती, कंडरेभोवती, रक्त किती थोडं वाहतं आणि पोटरीला काम लावलं की ते किती पटींनी वाढतं. सगळा डोलारा त्या स्वस्थ पडलेल्या माणसावर उभा होता. आणि तो स्वस्थ पडलेला माणूस सायकलवरून आला होता! सगळे आले असणार. तिने कागदावर विचारलं असणार, व्यायाम केलात का, आणि सगळ्यांनी लिहिलं असणार, नाही. डॉक्टरीणबाईंच्या पाच वर्षांच्या कामाच्या पायात एवढा मोठा काटा, आणि तो दिसला कुणाला, तर शाळेत भूगोल आणि कसरत शिकवणाऱ्या आस्गर लुनला. त्याला हसू आलं. गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

तो लंगडत चालू लागला. नोव्हेंबरचा ओला, करडा उजेड होता. दिवस उजाडला की नाही हे सांगायला घड्याळच लागेल असा. पँटला साखळीचं तेल लागू नये म्हणून आज त्याने सायकल घरी ठेवली होती. निमंत्रण विबेकेने स्वतः पाठवलं होतं, छापील, खाली हाताने एक शब्दही नाही. ये असंही नाही, येऊ नकोस असंही नाही. ती गेली तेव्हाही तशीच गेली होती. मार्चमधली सकाळ, काळ्या पावाच्या तुकड्यावर ती लोणी फासत होती, कोपऱ्यापर्यंत, नेहमीसारखं नीट, आणि म्हणाली, "मला आता पुरे झालं, आस्गर." त्याला वाटलं पाव पुरे झाला. मग तिने सुरी धुतली, पुसली, खणात ठेवली आणि बहिणीच्या गाडीतून दोन पेट्या घेऊन गेली. कारण काय, विचारलं तर म्हणाली, "तुला ठाऊक आहे." त्याला ठाऊक नव्हतं. त्याने रात्ररात्र जागून स्वतःची झडती घेतली. युटेची भानगड? शाळेतली गाणं शिकवणारी युटे, पुलापलीकडे अमागरला राहणारी, पण ते तर एका हिवाळ्यात सुरू होऊन संपूनही गेलं होतं, आणि कुणालाही, अगदी कुणालाही, वास लागला नव्हता. तो स्वतःच जवळपास विसरला होता. जे कळलंच नाही त्याचा राग माणूस कसा धरेल? म्हणजे कारण दुसरंच काहीतरी. तिला तो कमी वाटू लागला असणार. ती मोठी होत गेली, आणि तो मुलांना दोरीवर चढवत राहिला. असं ठरवलं की त्याला बरं वाटे. अन्याय झालेल्या माणसाला निदान झोप तरी लागते.

आणि तरी त्याच्याकडे एक गोष्ट होती जी त्याला कुणी हिरावून घेऊ शकत नव्हतं. तो तिच्या प्रयोगात होता. तिला पाय हवे होते, निरोगी, पळणारे पाय, आणि आस्गरचे पाय म्हणजे त्याचा एकुलता एक अभिमान. दोन वर्षांपूर्वी इस्पितळाच्या तळघरातल्या त्या खोलीत तो पालथा पडला होता, पावलं बाकाच्या कडेबाहेर, आणि तिने त्याच्या टाचेमागे, दोरीच्या पुढच्या मऊ जागेत, बारीक सुई घातली होती. सुईतून मिठाच्या पाण्यात विरघळवलेला कसलासा वायू आत जायचा, अगदी किंचित किरणं फेकणारा, आणि कातडीला टेकवलेलं यंत्र टिकटिक करत ती किरणं मोजायचं. रक्त तो वायू वाहून नेतं. जेवढं रक्त जास्त, तेवढी टिकटिक लवकर विरळ होते. पडून राहिलं की ती सावकाश विरळ व्हायची, पागोळ्यांसारखी. मग उभं राहून तालावर टाचा उचलायच्या, टेकायच्या, उचलायच्या, टेकायच्या, आणि टिकटिक भराभर ओसरायची. हे सगळं इतर पायांचंही झालं असेल. पण त्याच्या वेळी आणखी एक गोष्ट झाली होती. त्याला त्या दिवशी उशीर झाला होता, तो धापा टाकतच बाकावर पडला होता, ती काहीतरी इकडचं तिकडचं बोलत होती, बाहेर पाऊस आहे का, बाहेरगावची सभा लांबली का, बसने आलास ना, आणि तो हो हो म्हणत होता. पहिलं मोजमाप झालं. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. आणि मग एकदम म्हणाली, "पड जरा. घाई नाही." तिने पिवळं पांघरूण त्याच्या अंगावर टाकलं, मानेपर्यंत ओढलं, स्टूल घेऊन पायाशी बसली आणि त्याची टाच दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली. अर्धा तास. घरी त्यांनी एकमेकांना हात लावून महिने झाले होते. पालथ्या आस्गरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते बाकाच्या रेक्झिनवर सांडलं होतं, तिला दिसलं नव्हतं. मग तिने पुन्हा मोजलं, सुई काढली, बोळा दाबला आणि म्हणाली, "छान." त्या अर्ध्या तासावर तो आठ महिने जगला होता. एवढं प्रेम ज्या बाईच्या हातात होतं ती उठून जाते, हा तिचा नीचपणा नाही तर काय? आणि म्हणूनच तिने आज पडायला हवं होतं, सगळ्यांसमोर, आणि त्याने ते पहिल्या रांगेतून बघायला हवं होतं.

पहिली रांग मिळाली नाही. तिसऱ्या रांगेत विबेकेची आई तोवे बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. तिने शेजारच्या खुर्चीवरचा कोट उचलला.

"बैस. आलास म्हणजे. मी म्हणत होते येणार नाहीस."

"का नाही येणार? माझाही पाय आहे त्यात."

"हो तर," तोवे म्हणाली. "पाय आहे." आणि ती समोर बघू लागली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. तो तिच्या कवळीचा दोष असावा असं त्याने धरलं.

झगा घातलेले अध्यक्ष आले, सगळे उठले, बसले. विबेके निळ्या पोशाखात होती, आणि बारीक झाली होती, आणि सुंदर दिसत होती, आणि हे त्याला सहन होत नव्हतं. ती बोलत होती ते त्याला नीट ऐकूही येत नव्हतं. त्याला फक्त पडद्यावरची रेघ दिसत होती, एक मोठी उतरती रेघ, आधी संथ आणि मग टाचा उचलायला लागल्यावर कड्यावरून उडी टाकल्यासारखी. कुणाचा पाय ते लिहिलं नव्हतं, पण त्याने ओळखली. ती त्याचीच असणार. एवढा देखणा उतार दुसऱ्या कुणाच्या टाचेचा असणार? क्षणभर त्याचं मन पातळ झालं. असू दे, गप्प बसू या, असं त्याला वाटलं. तेवढ्यात पहिल्या रांगेत तिचा सहकारी पाले, ओल्या ओठांचा, टकलाला टोपीचा वळ पडलेला पाले, मागे वळून कुणाला तरी अंगठा दाखवून हसला, आणि आस्गरच्या टाचेतली कळ थेट मांडीपर्यंत गेली.

जुन्या पद्धतीच्या प्रबंधाला नेमलेले दोन परीक्षक आक्षेप घेतात ते असतंच. पण सभेतल्या कुणाही माणसाला उठून आक्षेप घेता येतो, फक्त मधल्या सुट्टीत अध्यक्षांना नाव द्यायचं. सहसा कुणी देत नाही. दिलंच तर एखादा म्हातारा प्राध्यापक, आपण अजून जिवंत आहोत हे सांगायला. सुट्टीत आस्गर कॉफीच्या रांगेतून निघून थेट अध्यक्षांपाशी गेला.

"नाव?"

"आस्गर लुन."

"काय करता?"

"भूगोल शिकवतो. आणि कसरत."

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "उमेदवाराशी काही संबंध?"

"त्यांनी माझा पाय मोजलाय," आस्गर म्हणाला.

"मग तुमचा हक्कच आहे. पण थोडक्यात आटपा. मंडळींना जेवायचंय."

दुसऱ्या भागात परीक्षकांनी एकमेकांची पाठ खाजवली, विबेकेने आभार मानले, आणि अध्यक्षांनी त्याचं नाव पुकारलं. खुर्च्या करकरल्या. उभं राहताना त्याने सगळा भार डाव्या पायावर घेतला. ती त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती शोधायला त्याने डोळे ताणले, पण एवढ्या लांबून काही कळेना. त्याचा आवाज मात्र त्याला स्वतःलाच आवडला. वर्गातला आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"उमेदवार म्हणतात, माणसं विश्रांतीत होती. त्यांनी आदल्या दिवसापासून व्यायाम केला नव्हता. असं त्या माणसांनी सांगितलं. माझा प्रश्न एवढाच, या शहरात रोज सायकल हाकणाऱ्याला विचारलं, व्यायाम केलास का, तर तो काय सांगेल?" तो थांबला. कुणीतरी हुंकार भरला. "तो म्हणेल, नाही. कारण आपण सायकलीला व्यायाम समजतच नाही. मग ती माणसं तुमच्या बाकावर पडली तेव्हा त्यांच्या टाचांतलं रक्त विश्रांतीतलं होतं, की रस्त्यावरचं?"

सभागृहात कुजबुज पसरली. एक परीक्षक दुसऱ्याच्या कानाला लागला. पालेची मान ताठ झाली. हा क्षण, आस्गरला वाटलं, हाच तो. त्याला ओठांवरून जीभ फिरवावीशी वाटली. विबेकेने पाण्याचा घोट घेतला आणि ग्लास सुरीसारखा नीट, जागच्या जागी ठेवला.

"सभेतल्या वक्त्यांचे आभार," ती म्हणाली. "आजचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे हा. परीक्षकांनी रागावू नये." हशा. "पहिल्या चौघांच्या वेळी मी नेमकी हीच चूक केली. चौघेही सायकलवरून आले होते आणि चौघांनीही खरं मानून लिहिलं, व्यायाम नाही. त्यांचे आकडे मी टाकून दिले. मग मी कागदावर विचारणं सोडलं. सुई तयार करताना गप्पांत विचारायचे, बाहेर पाऊस आहे का, कसे आलात, बसने? तपासणी म्हटलं की माणूस आपल्याला हवं ते उत्तर देतो. गप्पांत खरं बोलतो." ती जरा थांबली. "सहसा."

पुन्हा हशा, या वेळी पालेच्या बाजूने जास्त. आस्गरला ते शब्द ओळखीचे वाटले. पाऊस आहे का. बसने आलास ना.

"एक अपवाद झाला," विबेके त्याच आवाजात म्हणाली, हवामान सांगावं तशी. "क्रमांक सात. तो म्हणाला, बाहेरगावी सभेला गेलो होतो, तिथून गाडीने आणि पुढे बसने आलो. पण त्याच्या टाचेपाशी पडल्यापडल्या जे रक्त वाहत होतं ते इतरांच्या तिप्पट होतं. मला आधी वाटलं, माझी सुई चुकली. माणसावर संशय घेण्याआधी सुईवर घ्यावा. म्हणून मी त्याला पांघरूण घालून अर्धा तास पाडून ठेवलं, पाय हलू नये म्हणून टाच हातात धरून बसले, आणि पुन्हा मोजलं. रक्त खाली आलं होतं. म्हणजे सुई बरोबर होती. तो माणूस कुठूनतरी जोरात सायकल मारत आला होता. क्रमांक सात मी पूर्णपणे वगळला आहे. प्रबंधात त्याची एकही रेघ नाही. तो कुठून आला होता, हा या प्रबंधाचा विषय नाही."

लांगेब्रो पूल, समोरून झोंबणारा वारा, उशीर झालेला, अंगाला अजून युटेच्या चादरीची ऊब, आणि तो पेडलवर उभा राहून पाय मारत होता. त्याने सगळं धुतलं होतं, तोंड, मान, हात. टाच कोण धुतो? अर्धा तास. तो पिवळ्या पांघरुणाखाली रडत होता आणि ती वाट बघत होती. तिच्या ओंजळीत त्याची टाच थंड होत होती आणि टाच जसजशी थंड होत गेली तसतसं तिला एकेक कळत गेलं असणार: तो घरून आला नव्हता, गावाहून आला नव्हता, बसने आला नव्हता. आणि सगळं कळून झाल्यावर तिने बोळा दाबला. पडद्यावर अजून ती देखणी रेघ होती. ती त्याची नव्हती. त्याची कुठलीच नव्हती.

"सभेतल्या वक्त्यांचं समाधान झालं?" अध्यक्षांनी विचारलं. विचारावंच लागतं, आणि उत्तरही द्यावंच लागतं.

"झालं," आस्गर म्हणाला.

त्याला वाटत होतं की आता निघून जावं, पण दारात गर्दी होती आणि तोवेने त्याचा दंड धरला होता, म्हातारीच्या मानाने घट्ट. शेजारच्या दालनात मेणबत्त्या, हेरिंग मासे, बाटल्या आणि बदामाच्या गोड कड्यांचा मनोरा, त्यावर कागदी लाल-पांढरे झेंडे. विबेकेला सगळे मिठ्या मारत होते. दोन अनोळखी माणसांनी येऊन आस्गरचा हातही हलवला. "फार छान प्रश्न! तिला काय सुंदर संधी दिलीत!" असल्या समारंभात ज्याचा मान असतो त्याच्यावर दोस्तमंडळी थट्टेचं गाणं रचतात, सगळ्यांना पाठ असलेल्या एखाद्या वसंतगीताच्या चालीवर, आणि सगळ्यांनी उभं राहून ते म्हणायचं. पालेने कागद वाटले, चमच्याने ग्लास वाजवला. पहिल्या कडव्यात विबेकेची जुनी चप्पल होती, दुसऱ्यात तिचं तळघर. तिसरं सुरू झालं तेव्हा विभागातली तरुण पोरं आधीच फिसफिसायला लागली होती.

बाकी सगळे खरं बोलले, सात नंबर हसला,
'बसने आलो' म्हणता म्हणता बाकावरती फसला;
तोंड त्याचं साखर पेरी, टाच बिचारी साधी,
तोंडाने जे लपवलं ते टाच बोलली आधी!

म्हणजे दोन वर्षं हे तळघरातलं विनोदाचं भांडवल होतं. कॉफीच्या सुट्टीत, वाढदिवसाच्या केकवर. कोण सात नंबर हे या पोरांना ठाऊक नसेलही. तिने सांगितलं नसेल, तिची रीत तशी नव्हती. पण तोवेला ठाऊक होतं. ती त्याच्या कानाशी वाकली.

"जोरात म्हण, जावईबापू. ज्याच्यावर असतं त्याने सगळ्यांत जोरात म्हणायचं असतं."

आणि आस्गर गाऊ लागला. त्याचा आवाज चांगला होता, युटे नेहमी म्हणायची. कडवं दोनदा म्हणायचं होतं. चाल उड्या मारत जाणारी, आणि त्याला कळायच्या आत त्याच्या टाचा तालावर उचलल्या जाऊ लागल्या, उचल, टेक, उचल, टेक, उजव्या टाचेतून प्रत्येक वेळी सुरी फिरत होती आणि तरी तो थांबत नव्हता. समोर विबेके गात होती, हसत होती, आणि हसता हसता तिची नजर खाली, त्याच्या बुटांवर गेली. हसू गेलं. तिथे राग नव्हता, कीव नव्हती. तळघरातली ती जुनी, एकाग्र नजर होती. टाळ्या झाल्यावर ती गर्दीतून त्याच्याकडे आली. आता काहीतरी बोलेल, त्याला वाटलं, शिवी दिली तरी चालेल.

"उजवी टाच सुजलीय तुझी," ती म्हणाली. "कधीपासून?"

"सकाळी. सायकलचं चाक लागलं."

"बर्फ लाव. उंच ठेव. आणि आठवडाभर तरी सायकल चालवू नकोस."

"मी सायकलवरून नाही आलो," आस्गर घाईघाईने म्हणाला. त्याला एकाएकी वाटलं की सगळं या एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, एवढं एक तिने मानलं की बाकीचं पुढे बघता येईल. त्याने तिचा हातच धरला. "खरंच, विबेके. उतरताना लागलं. आज मी बसने आलो."

तिने हात काढून घेतला नाही. तो सुटेपर्यंत ती थांबली.

"छान," ती म्हणाली, आणि पुढच्या पाहुण्याकडे वळली.